पाठराखिणीचा विमा

१२ जानेवारी

आला! दारात येऊन उभा राहिला तरी मी आत भाकरीच थापतेय. आवाज नाही, धूर नाही, काही नाही. आमच्या ह्यांनी, प्रेमराजांनी, हॉर्न दाबला तेव्हा कळलं.

विजेवरचा ट्रॅक्टर, गावातला पहिला. जुना डिझेलवाला विकला तेव्हा आमचे हे आठ दिवस सुतकात असल्यासारखे फिरत होते, आज मात्र मिशीला पीळ. शेजारचे झुलालनाना (कुठल्याही विषयातले तज्ज्ञ, फी नाही) चारी बाजूंनी फिरून म्हणाले, "पाऊसमा शॉक लागी जाई." मी म्हटलं, नाना, पावसात आधी तुम्ही बसून दाखवा, मग आम्ही बसतो.

पेढे वाटले. मळ्यात मीटर आहे, तिथेच चार्जिंगचा पॉइंट घेतला.

१४ जानेवारी

संक्रांत. आज घरात नवल घडलं, ते लिहायलाच बसलेय.

सासूबाई ट्रॉलीत बसून मळ्यापर्यंत गेल्या आणि परत आल्या. ओकारी नाही, चक्कर नाही, पदर तोंडाला नाही.

लग्न होऊन जळगावहून इथे आले त्याला वीस वर्षं झाली. पहिल्या आठवड्यात मला या घराचा जो नियम सांगितला तो असा — मंजुळाबाईंना गाडी लागते. एसटी, जीप, रिक्षा, सगळंच. डिझेलचा वास आला की संपलं. म्हणून त्या कुठे जात नाहीत. लग्नाला नाही, बारशाला नाही, माहेरीसुद्धा नाही. माहेर शिरपूरकडे, अनेर नदी ओलांडून पुढे, आमच्या दारापासून चव्वेचाळीस किलोमीटर. अकरा वर्षं झाली जाऊन. भाऊ तिथे एकटे, वनामामा. ऐंशी उलटली, डोळ्यांनी दिसत नाही. फोनवर म्हणतात, "मंजुळाना आवाज ऐकाना शे." मामा, फोनवर तोच तर ऐकताय, म्हटलं. तर म्हणे, "हाऊ यंत्रमातला. माले दारमातला पाहिजे."

आज उतरल्यावर सासूबाई म्हणाल्या, "धूर नही, वास नही. बरं वाटनं."

मी तिथेच ठरवलं. यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, यांना माहेरी न्यायचं. या ट्रॉलीत बसवून. सगळ्या खानदेशच्या बाया आखाजीला माहेरी जातात, झोके घेतात, आणि या बाईने अकरा वर्षं ओट्यावर बसून दुसऱ्यांच्या लेकी येताना बघितल्या!

२० जानेवारी

ट्रॉलीवर शेवयांचं मशीन चढवलं. तीन वर्षं ते ओट्यावर होतं, बाया पिठाची घमेली डोक्यावर घेऊन यायच्या. यंदा आपणच जायचं गावोगाव. ट्रॅक्टर समोर, मशीन मागे, दारात शेवया. कल्पना माझी. प्रेमराज गावभर सांगतात, त्यांची.

पण खरी अक्कल सासूबाईंच्या हातात. पीठ किती ओलं, किती मुरलं, ते बोटं बुडवून सांगतात. मशीन कुणाचंही चालतं, हात मंजुळाबाईंचाच लागतो. त्यामुळे त्या सोबत येणार. मशीनच्या पुढे गोणपाटाची घडी टाकली, पाठीला टेकायला पोतं. राणी!

ट्रॉलीला नाव त्यांनीच दिलं. "हाई पाठराखीन शे," म्हणाल्या. "नवरीनामांगे जास ना, तशी ट्रॅक्टरनामांगे जास." पाठराखीण. झालं नाव.

९ फेब्रुवारी

पंधरा दिवसांत सात गावं. सासूबाई ट्रॉलीत बसल्या बसल्या सगळ्यांची विचारपूस करत जातात. कोणाची सून बाळंत, कोणाची केळी करप्याने गेली, सगळं माहीत झालंय. माणूस ओळखू येत नाही. घरी ताटावर बसून सुस्कारे टाकणारी बाई हीच का!

बॅटरीचं मात्र भान ठेवावं लागतं. ट्रॅक्टर एकटा साठ किलोमीटर जातो, ट्रॉली जोडली की पस्तीस. काल परतताना फाट्यावर चार टक्के उरले. मग झुलालनानांची बैलजोडी आली आणि गावातला पहिला विजेवरचा ट्रॅक्टर बैलांनी ओढून घरी आणला. नाना शब्दही बोलले नाहीत. नुसते हसत होते. बोलले असते तर बरं झालं असतं.

१७ फेब्रुवारी

आज चोपड्यात तमाशा झाला.

मोहनलालशेठच्या दुकानातून रवा-मैदा घ्यायचा होता. बोळ अरुंद, ट्रॉलीसकट वळत नाही. म्हणून प्रेमराजांनी तोंडाशीच ट्रॉली सोडली, चाकाखाली वीट लावली आणि नुसता ट्रॅक्टर आत घातला. आम्ही गोणी मोजतोय तोवर वीट सरकली. पाठराखीण एकटीच निघाली! उतारावरून सावकाश, अगदी लाजत लाजत, ती थेट शेठच्या तेलाच्या डब्यांवर. सतरा डबे चेपले, दोन फुटले. बोळभर शेंगदाण्याचं तेल. माणूस कोणी मधे नव्हतं, हे नशीब. सासूबाई तेव्हा खाली उतरून पाणी पीत होत्या. त्या वरच असत्या तर?

शेठ म्हणाले, राहू द्या, घरचंच आहे. पण दुकानाच्या कोपऱ्यात टेबल टाकून त्यांची सून हर्षिता विम्याचं काम बघते. ती उठून आली. "पप्पाजी, राहू कसं द्यायचं? विमा असतो कशाला?" मग प्रेमराजांकडून ट्रॅक्टरचे कागद घेतले आणि उभ्या उभ्या वाचले.

"भाऊ, यात ट्रॉलीचं नावच नाही."

"ट्रॅक्टरना विमा शे ना. मांगे जोडेल म्हनजे त्यामाच उनी."

"नाही येत. तिचा वेगळा असतो. आणि आत्ता तर जोडलेलीही नव्हती."

प्रेमराज माझ्याकडे बघायला लागले. मी तेलाकडे. खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं! नवरीचं आमंत्रण आलं की पाठराखिणीचं वेगळं पान कोण सांगतं? विम्यात मात्र सांगावं लागतं म्हणे.

डबे भरून देऊ असं कबूल करून आलो.

१९ फेब्रुवारी

हर्षिता घरी आली. जेमतेम अठ्ठावीसची असेल, पण बोलायला लागली की तालुक्याचा तहसीलदार. चहा घेतला आणि एकेक खिळा ठोकत गेली.

ट्रॉली वेगळी नोंदवायची, तिच्या चासीच्या नंबरासकट. वरचं मशीन तिसरंच, त्याचा वेगळा. ट्रॅक्टर किती वजन ओढू शकतो ते कंपनीच्या पुस्तकात बघायचं, त्याच्यावर गेलात की दावा गेला. (पुस्तक सापडलं. सासूबाईंच्या वाळवणावर वजन म्हणून ठेवलं होतं. वजनात बसतोय आम्ही.) आणि वापर कशासाठी? कागदावर लिहिलंय शेती.

"ताई, शेवया शेतात उगवतात का?"

एवढ्यात झुलालनाना आलेच. बोलल्याशिवाय राहतात थोडेच! "शेवया काय धंदा शे का? बायासनं काम शे ते. घरकाम ल्ही टाक."

माझं डोकंच फिरलं. गावोगाव फिरायचं, पीठ मळायचं, रोजचा हिशोब ठेवायचा, आणि तो धंदा नाही, कारण बाया करतात! मी हर्षिताला म्हटलं, धंदा लिही. मालक म्हणून माझं नाव लिही. ट्रॉली माझी, मशीन माझं. ट्रॅक्टर राहू दे यांच्या नावावर. प्रेमराज म्हणाले, लिहा लिहा. शहाणे आहेत तसे.

पण शेवटचा खिळा बसला तो वर्मी. हर्षिताने ट्रॉलीवरची गोणपाटाची घडी बघितली. "इथे कोण बसतं?"

"मी," सासूबाई म्हणाल्या. ऐटीत.

"आजी, ट्रॉलीत बसलेल्या माणसाला विमा नाही. आणि तसं माणूस बसवायचंही नाही. ट्रॉली उलटली तर कंपनी एक पैसा देणार नाही, वर यांच्यावरच केस."

सासूबाईंनी चहाच्या कपबशा गोळा केल्या. उठून आत गेल्या. 

२० फेब्रुवारी

चासीचा नंबर सापडत नाही! दसऱ्याला प्रेमराजांनी ट्रॉली रंगवली होती. मनापासून. नंबरावरच हिरव्या ऑइलपेंटचे तीन हात आणि त्यावर पिवळ्याने "शुभ लाभ". दिवसभर रॉकेल आणि पत्र्याचा ब्रश. संध्याकाळी "लाभ" खरवडून निघाला तेव्हा खाली नंबर दिसला.

२६ फेब्रुवारी

सासूबाई घरी, आम्ही दोघं कामावर. तीन दिवसांत तीन गावांतून तक्रार. शेवया तुटतात. मी पीठ त्यांनी सांगितलं तसंच भिजवते, माप घेऊन! तरी नाही. प्रत्येक दारात पहिला प्रश्न, "आजी कोठे शे?" मी सांगते, विम्यात बसत नाहीत. बाया हसतात.

मी म्हटलं, आई, माझ्या स्कुटीवर मागे बसा. गुडघा वळत नाही. रिक्षा? "माले गाडी लागस." प्रेमराज म्हणाले, आधी बसत होती ना ट्रॉलीत, बसू दे, कोण बघतंय. मी नाही म्हटलं. बोळातली ती एकटी सुटलेली ट्रॉली डोळ्यांपुढून जात नाही.

घरी आले की त्या ओट्यावर. पुन्हा सुस्कारे सुरू. आखाजीचं नाव मीही काढत नाही, त्याही काढत नाहीत. वनामामांचा फोन आला तर म्हणाल्या, बघू.

४ मार्च

हर्षिताचा फोन! ती पोरगी स्वस्थ बसणारी नाही. तिने कंपनीच्या जळगावच्या ऑफिसात विचारलं. ट्रॉलीवर वाटसरू चालत नाही, पाहुणा चालत नाही, घरचं माणूस तर नाहीच. पण कामावर ठेवलेला माणूस — मशीन सांभाळणारा, एकच, पक्क्या सीटवर, पट्टा बांधून, कठडा लावून — त्याच्यासाठी जादा हप्ता भरून विमा घ्यायला तिथले साहेब तयार आहेत. मात्र आधी येऊन बघणार.

"पण ताई, कामावरचा म्हणजे खराच कामावरचा. हजेरीवही, पगार, सही. नुसतं कागदावर नको. उद्या काही झालं तर पहिला प्रश्न पगाराचाच येईल. त्यात घरचंच माणूस, म्हणजे दुप्पट शंका."

म्हणजे सासूबाईंना मी नोकरीवर ठेवायचं. सासू सुनेची कामगार!

फोन ठेवला आणि मी एकटीच पाच मिनिटं हसत होते. मग हसू गेलं. हे त्यांना सांगणार कोण?

५ मार्च

प्रेमराज सांगणार नाहीत. "लोक तोंडात शेण घालतील. माय सुनेची चाकरी करते म्हणतील."

मीच सांगितलं. भाजी निवडताना, खाली मान घालून, एका दमात. सासूबाईंनी मेथीची जुडी बाजूला ठेवली.

"कितला देशी?"

मला वाटलं चुकीचं ऐकलं. "रोजचे दोनशे?"

"शेतमा निंदाले जास ती बाई अडीचशे लेस. मन्हा हातले किंमत नही का?"

तीनशेवर तुटलं. वर चहा दोनदा, आणि पगार बाजाराच्या दिवशी, हातात. नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

८ मार्च

आज महिला दिन म्हणे. मी नेमणूकपत्र लिहिलं. "श्रीमती मंजुळाबाई यांना कळविण्यात येते की..." पुढे हुद्दा काय लिहू? हर्षिता म्हणाली मदतनीस. सासूबाईंना वाचून दाखवलं तर पटलं नाही. "मदतनीस म्हनजे मदत करनारी. मदत तू करस. शेवया मी करस." शेवटी लिहिलं — शेवया कारागीर. चौथीपर्यंत शिकल्यात, सही केली. अक्षर माझ्यापेक्षा गोल.

झुलालनाना पारावर: "सून सासूले पगार देस. कलियुग उनं." सासूबाईंनी ओट्यावरून तिथल्या तिथे विचारलं, "तुले कोनी ठेवस का रे कामले?" 

१५ मार्च

कंपनीचे साहेब आले. होळीची पुरणपोळी होतीच, वर दूध-गूळ घालून शेवया. गोड खाऊनही माणूस कडूच बोलला! नवी सीट हलवून पाहिली, पट्टा ओढून पाहिला. प्रेमराजांनी वेल्डिंग चांगलं करून घेतलंय. हुक पाहिला, ब्रेक पाहिला, चाकाखाली लावायचे लाकडी ठोकळे पाहिले. वीट आता हद्दपार आहे. खरवडलेल्या नंबराचे फोटो काढले. मग वळले सासूबाईंकडे.

"आजी, तुम्ही इथे नोकरीला?"

"हां."

"मालक कोण?"

"हाई. मन्ही सून."

"पगार?"

"रोजना तीनशे. बाजारना दिन लेस."

साहेबांनी हजेरीवही चाळली. घरी पीठ भिजवून दिल्याच्या सात दिवसांच्या सात सह्या. मग विचारलं, "आणि रजा?"

सासूबाईंना प्रश्न कळला नाही. साहेब म्हणाले, "सुट्टी. कामाच्या माणसाला हक्काची सुट्टी असते ना. ती किती?" त्या माझ्याकडे बघायला लागल्या, मी साहेबांकडे. गडबडून मी म्हटलं, महिन्याला दोन. लिहून घेतलं.

ते गेल्यावर सासूबाईंनी दोनदा विचारलं. "सुट्टीले इचारनं पडस का?" मी म्हटलं, हक्काच्या सुट्टीला विचारायचं नसतं, आई. वहीत लिहायचं फक्त.

२७ मार्च

कागद आले!! ट्रॅक्टर, ट्रॉली, मशीन, आणि एक कारागीर. ट्रॉलीपुढे माझं नाव आहे: कोकिळा प्रेमराज पाटील. मी तीनदा वाचलं. प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवघरात ठेवलं. मग काढून कपाटात ठेवलं, दिव्याचं तेल सांडलं तर काय घ्या.

२८ मार्च

सासूबाई पुन्हा ट्रॉलीवर. पट्टा बांधून, कठडा धरून. चहार्डीकडच्या वस्तीवर बायांनी ओवाळलं. शेवई एकसुद्धा तुटली नाही.

६ एप्रिल

धंदा तेजीत. रोज चार-पाच घरं, उन्हाच्या आधी. हातावर पगार ठेवला की सासूबाई नोटा मोजत नाहीत, नुसत्या दुमडतात आणि कमरेच्या पिशवीत टाकतात. प्रेमराज म्हणाले, माय, घरखर्चाला देत नाहीस? "तुन्हा बापनी कधी माले हिशोब दिधा का?" विषय संपला. मला मनातून बरं वाटलं. सासरे भले होते, पण पैशाची पिशवी उशीखाली घेऊन झोपत. गेल्याला आता तीन वर्षं झाली.

१३ एप्रिल

आखाजीची तयारी. वही घेऊन बसलो दोघं. चव्वेचाळीस किलोमीटर, ट्रॉलीसकट पस्तीसच चालतो. म्हणजे मधे चार्जिंग हवंच. अनेरच्या अलीकडे प्रेमराजांच्या मित्राचा मळा आहे, तिथे मीटर आहे. तीन तास लावायचा, तोवर जेवण, डुलकी. सकाळी दहाला निघालो तर दुपारी चारपर्यंत पोचू. डिझेलचा असता तर दोन तासांत पोचलो असतो, असं प्रेमराज हळूच म्हणाले. म्हटलं, डिझेलचा असता तर निघालोच नसतो.

हर्षिताला विचारून घेतलं. बरं झालं विचारलं! ती म्हणाली, विमा आजी कामावर असतानाच. माहेरी सहज म्हणून नेलंत तर नाही. मग काय करू? "तिकडे शेवयांची कामं घ्या ना, ताई. मशीन घेऊन जा. म्हणजे त्या ड्युटीवरच."

भन्नाट! वनामामांच्या शेजारणींना फोन लावले. सहा घरांच्या ऑर्डरी मिळाल्या. माहेरही होईल, विमाही राहील. मी स्वतःवर खूश.

१४ एप्रिल

सासूबाई खूश नाहीत. "माहेरले मी हजेरी लायीसन जाऊ?" एवढंच म्हणाल्या. मी समजावलं, आई, नुसती सही करायची, त्याशिवाय विमा नाही. "समजनं," म्हणाल्या. मग ओट्यावर जाऊन बसल्या.

थोडा रागच आला मला. तीन महिने धावपळ कोणासाठी केली?

२२ एप्रिल

नवीन सीटवर गादी शिवून घेतली. वनामामांना फोन — तीसला आखाजी, आम्ही एकोणतीसला पोचतो. मामा फोनवर रडले. आंबे कुठे ठेवलेत, झोका कुठल्या निंबाला बांधलाय, सगळं सांगत बसले. सासूबाई शेजारी बसून ऐकत होत्या. "बांध बांध," म्हणाल्या. "पन मजबूत बांध, मी आते पहिलासारखी हलकी नही."

२८ एप्रिल

सकाळी ट्रॅक्टर शंभर टक्के भरून ठेवला. ट्रॉली धुतली. सासूबाईंना चहा द्यायला गेले तर खोलीत नाहीत. ओट्यावर नाहीत, मळ्यात नाहीत. नऊवारी घडीची गेली, आधारकार्ड गेलं, कापडी पिशवी गेली. 

प्रेमराज मोटारसायकल घेऊन फाट्यावर गेले. मी घरात वेड्यासारखी शोधतेय. मग काय मनात आलं, हजेरीवही उघडली. आजच्या तारखेपुढे सही नाही. गोल अक्षरात एक शब्द — रजा. उद्याच्या तारखेपुढेही तोच.

प्रेमराज परत आले. फाट्यावर चहावाल्याने बघितलं म्हणे. साडेसहाच्या शिरपूर एसटीत चढल्या. खिडकीशी बसल्या. अर्धं तिकीट काढलं.

एसटीत!

२९ एप्रिल

वनामामांचा फोन काल लागलाच नाही, आज लागला तर सासूबाईंनीच उचलला. मागे बायांची गाणी. मी आधी ओरडणार होते, पण आवाज ऐकून रडूच फुटलं. विचारलं, आई, गाडी लागली असेल हो. ओकारी झाली का? लिंबू होतं जवळ?

त्या फोन घेऊन बाजूला गेल्या असाव्यात, गाणी बारीक झाली.

"माले गाडी कधीच नही लागे, बाई. भाडं मांगनं पडे तुन्हा सासराकडे. एक डाव मांगं, तर चार दिन तोंड फिरवं त्यानी. त्यानापेक्षा गाडी लागस म्हनेल बरं."

म्हटलं, पण मामंजी जाऊन तीन वर्षं झाली. मी होते ना. माझ्याकडे मागायचे.

"तुन्हाकडेबी मांगनंच पडतं ना."

वीस वर्षांत मी कधी नाही म्हटलं नसतं. पण मागितल्याशिवाय दिलंही नव्हतं.